रेडिओलॉजीत येणाऱ्यांसाठी, नांदेड-लातूरहून

या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला आता घरची माणसेही विचारतात, 'हे काम पुढे मशीनच करणार म्हणे, मग तू कशाला?' प्रश्न रास्त आहे. टोरांटोचे संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी तर २०१६ मध्येच सांगून टाकले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे थांबवा, काही वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. याच हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणजे माणूस अधिकारी. तरीही नीट-पीजीत वरच्या क्रमांकांवर येणारी मुले आजही धडाधड हाच विषय घेतात. भाकीत कुठे अडले हे समजून घ्यायला टोरांटोपेक्षा किनवट बरे.

किनवट-माहूर हा नांदेड जिल्ह्याचा डोंगराळ कोपरा. गोंड, कोलाम, बंजारा वस्ती. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासूनचे, आज ते नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे. लातूरचे २००२ चे. तालुक्याला एक्स-रे यंत्र पोचवणे सोपे, त्यावर मत देणारा तज्ज्ञ पोचवणे अवघड. देशात लाख लोकसंख्येमागे जेमतेम एक रेडिओलॉजिस्ट असा अंदाज नेहमी सांगितला जातो, आणि तो एकही बहुधा मोठ्या शहरात बसलेला असतो. मला सलते ते हे, की डॉक्टर घडवण्यात आपण कुठेच मागे नाही. लातूर पॅटर्नने आणि नांदेडच्या शिकवण्यांनी राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना विद्यार्थी पुरवले. देवणी, मुखेड, भोकरला मात्र त्यांच्यातला रेडिओलॉजिस्ट सहसा परत येत नाही. तेव्हा यंत्र आपली जागा घेईल ही भीती ज्या गावांत जागाच रिकामी आहे तिथे फार टिकत नाही.

त्यातही सोनोग्राफीचे वेगळे आहे. सीटीच्या प्रतिमा क्षणात पुण्याला पाठवता येतात, तिथून रिपोर्टही येतो. सोनोग्राफीत प्रोब धरणारा हातच निदान करत असतो. आणि त्या हातावर कायद्याची नजर आहे, ती हवीच. गर्भलिंगनिदानावर राज्याने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७ होत्या. पुढे २०१२ च्या नियमाने एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच सोनोग्राफी केंद्रांवर नोंदणीची मुभा ठेवली. म्हणजे नांदेडचा एकच डॉक्टर आज देगलूर, उद्या हदगाव, परवा किनवट असा फिरता राहू शकत नाही. हा नियम सैल करा असे मी म्हणणार नाही. पण मग गरोदर बाईची तपासणी तिच्या तालुक्यात व्हायची तर माणसे वाढवण्याला पर्याय उरत नाही, आणि कोणताही प्रोग्रॅम ही गरज भागवत नाही.

छातीच्या एक्स-रेत मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचे मनापासून स्वागत करावे. क्षयरोग शोधण्यासाठी अशा संगणकीय वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींपुरती मान्यता दिली. असे प्रोग्रॅम बनवणारी क्यूअर डॉट एआय ही कंपनी मुंबईचीच. प्रोग्रॅम प्रत्येक एक्स-रेला गुण देतो. ठरावीक रेषेच्या वर गुण गेले की रुग्णाची थुंकी तपासायला पाठवायची. ही रेषा कुठे आखायची, यातच सगळी मेख आहे. खाली आणली तर रुग्ण सुटत नाहीत, पण धडधाकट मजुराचीही रोजी बुडवून त्याला तपासणीला धाडले जाते. वर नेली तर आजार घेऊन माणूस घरी जातो आणि घरातल्या लेकरांना देतो. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्याच्या फुप्फुसावर व्रण राहतो, तोही यंत्राला चकवतो. दुसऱ्या देशात जुळवलेली रेषा उदगीरला जशीच्या तशी लागू पडेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. ती इथल्या रुग्णांवर पारखूनच ठरवावी लागेल, आणि ते काम या विषयात आता येणाऱ्यांचे आहे.

एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाबद्दल पुस्तकांत फार कमी लिहिले जाते. 'श्वास घ्या, धरून ठेवा' हे त्याला बिलोलीत तेलुगूत, तांड्यावरच्या आजीला गोरमाटीत, निलंग्याकडे कधी कन्नडमध्ये सांगावे लागते. श्वास अर्धाच घेतला तर फुप्फुसाचा तळ पांढुरका दिसतो, तिथे डॉक्टरही फसतो आणि यंत्रही. आधी चांगला एक्स-रे, मग बुद्धिमत्ता, मग ती कोणाचीही असो. म्हणून तंत्रज्ञाच्या कायम जागा भरणे आणि त्याला पुन्हा पुन्हा शिकवणे हा माझ्या मते रेडिओलॉजीच्या भविष्याचाच भाग आहे, कारकुनी बाब नव्हे.

नव्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून एक वही ठेवावी, असा माझा आग्रह राहील. तीन रकाने पुरेत: यंत्र काय म्हणाले, आपण रिपोर्टमध्ये काय लिहिले, आणि थुंकीच्या, बायोप्सीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या अंती काय निघाले. रुग्णाचे नाव वहीत नको. तिसरा रकाना भरायला वॉर्डात जावे लागते, क्षयरोग केंद्राला फोन करावा लागतो, म्हणून तो बहुधा रिकामा राहतो. विष्णुपुरी आणि लातूरच्या विभागांत अशा वह्या भरू लागल्या, तर यंत्र विकायला येणाऱ्याला आपल्या रुग्णांवरचे त्याचे यश आणि अपयश आपणच आकड्यांत दाखवू शकू.