जालन्याचं मनोरुग्णालय: झोपायच्या खोलीत दिवा कसा हवा?

राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यात ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तोवर राज्यात अशी रुग्णालयं चारच होती: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. डॉक्टर किती येणार, हे सगळेच विचारतील. आपण जरा वेगळं विचारू: या खाटांवर रात्री कोणता दिवा असेल?

दिव्याने असा काय फरक पडतो?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात, ज्या मेंदूला मुख्यतः 'दिवस आहे की रात्र' हे कळवतात. निळसर प्रकाशाला त्या सर्वात जास्त प्रतिसाद देतात. दुकानात 'कूल डे लाइट' म्हणून मिळणारी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब रात्री चालू राहिली, तर मेंदूला दिवस वाटतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. आपली झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. बायपोलर आजारात मात्र झोपमोडीने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो.

खरी अडचण इथेच आहे. रुग्ण सुरक्षित आहे ना, हे पाहायला नर्सला रात्रभर फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीला मोठा दिवा लावला, तर काळजी घेण्याच्या नादात झोपच मोडते. म्हणून दिवे दोन हवेत. झोपेच्या आधी २७०० केल्विनचा पिवळसर, मंद होणारा दिवा आणि रात्री जमिनीलगत अंबर रंगाचा अगदी क्षीण दिवा, ज्यात माणूस दिसेल, श्वास कळेल. आपल्या घरच्या 'झिरोच्या बल्ब'चीच ही सुधारलेली आवृत्ती. (जुना झिरो बल्ब शून्य नव्हे, साधारण १५ वॅट खायचा, ते सोडा.)

सुरक्षेचं काय?

दिवा छताच्या आत, सपाट बसलेला हवा. काही अडकवता येईल अशी कड किंवा फट नको, लोंबती वायर नको, काच तर नकोच. झाकण पॉलिकार्बोनेटचं आणि स्क्रू साध्या पान्याने न उघडणारे. खाटेजवळचा दिवा १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा असेल, तर त्याचं बटण रुग्णाच्या हाती देता येतं. बाकी सगळं दुसरेच ठरवत असताना एक बटण आपलं असणं ही छोटी गोष्ट नाही.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये एका मनोरुग्ण विभागात संध्याकाळनंतर निळा प्रकाश जवळपास काढूनच टाकला. मुक्कामाचे दिवस त्याने घटले नाहीत, पण आक्रमक वागणं कमी दिसलं. इटलीत मिलानमध्ये २००१ सालच्या अभ्यासात पूर्वेच्या खोल्यांतले बायपोलर नैराश्याचे रुग्ण सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले. सकाळचं ऊन जालन्यात फुकट आहे. फक्त खिडक्या पूर्वेला काढायच्या आणि तापणाऱ्या पश्चिमेला जिने, स्टोअर ठेवायचे. हे नकाशावरच ठरतं, नंतर भिंत फिरवता येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २० मध्ये रुग्णाला सुरक्षित वातावरणाचा आणि खासगीपणाचा हक्क दिलेला आहे. रात्रभर डोळ्यांवर ट्यूब असेल, तर त्यातलं दुसरं तरी उरत नाही.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट: लाइट जाणं. रात्री दोन वाजता वीज परत आली, की दिवे पूर्ण प्रकाशात न लागता आधीच्याच मंद पातळीवर लागले पाहिजेत, आणि अंबर दिवा बॅटरीवर चालूच राहिला पाहिजे. डिमर घेताना एवढी एक ओळ खरेदीच्या अटींत लिहावी लागते.