रिकामपणाला फॉर्मात जागा कधी मिळाली?

आज थोडं वेगळ्या जागेवरून सुरुवात करते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका दवाखान्याच्या बाकावर बसून फॉर्म भरत होते. कारण साधं होतं. महिनोन्महिने कशातच जीव रमत नव्हता, बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर कुठे जायचं ते कळायचं नाही, आणि कुणी साधं काही बोललं तरी दिवसभर डोक्यात तेच. फॉर्मात एक प्रश्न होता: ‘तुम्हाला सतत रिकामं वाटतं का?’ मी विचार केला, रिकामं? नाही बुवा. मला फक्त करमत नाही. आणि ‘नाही’वर खूण केली.

आत डॉक्टरबाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘रविवारची दुपार कशी जाते?’ त्यावर मी अर्धा तास बोलत होते.

उपचारांचं पुढे काय झालं ते आजच्या लेखाचा विषय नाही (बरं चाललंय, काळजी नको). पण मी वैद्यकाच्या इतिहासाची विद्यार्थिनी. घरी येताना बसमध्ये डोक्यात एकच किडा: हा प्रश्न त्या फॉर्मात कुणी घातला? कधी? आणि कुणाचं ऐकून?

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. कुठल्याही कागदाला विचारता येतात. आता ते लावून पाहू.

पहिला थांबा: १९३८, न्यूयॉर्क

अडॉल्फ स्टर्न नावाचे मनोविश्लेषक होते. त्यांच्या खाजगी दवाखान्यात अशी माणसं यायची जी त्या काळच्या दोन्ही खणांत बसत नव्हती. न्यूरोसिस म्हणावं तर नेहमीच्या पद्धतीने बरी होत नाहीत, सायकोसिस म्हणावं तर तितकं वास्तवाचं भान सुटलेलं नाही. १९३८ साली स्टर्ननी या गटावर लेख लिहिला आणि त्यांना ‘बॉर्डरलाइन’ म्हटलं. सीमेवरची माणसं. त्यांनी दहा लक्षणं दिली: अतिसंवेदनशीलता, न्यूनगंड, मनाला लागलेली जखम भळभळत राहणं, उपचार सुरू झाल्यावर उलट बिघडणं, वगैरे.

यादी पुन्हा पुन्हा वाचा. रिकामपण त्यात वेगळं लक्षण म्हणून नाही!

इथे नवखा संशोधक घाईने निष्कर्ष काढतो: ‘१९३८ मध्ये लोकांना रिकामं वाटत नव्हतं.’ चूक. कागदावर एखादी गोष्ट नाही याचा अर्थ ती माणसांत नव्हती असा होत नाही. लिहिणाऱ्याने ती नोंदवण्याजोगी मानली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणखी एक बघा. मुळात हा गट ठरला कशावरून? रुग्णाला काय वाटतं यावरून कमी, आणि डॉक्टरची पद्धत कुठे चालत नाही यावरून जास्त. म्हणजे ही सीमा रुग्णाच्या मनात होती की उपचारपद्धतीची होती, हा प्रश्न पहिल्याच कागदापासून उभा आहे.

दुसरा थांबा: वाद आणि १९७५

पुढची काही दशकं हा शब्द हातोहाती फिरला. १९५३ मध्ये रॉबर्ट नाइट यांनी ‘बॉर्डरलाइन अवस्थां’वर लिहिलं. १९६७ मध्ये ऑटो कर्नबर्ग यांनी त्याला व्यक्तिमत्त्वाच्या एका विशिष्ट रचनेचा अर्थ दिला. १९७५ च्या पुस्तकात तर त्यांनी रिकामपणाच्या अनुभवावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. म्हणजे आता तो नोंदवण्याजोगा झाला होता.

पण माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात कामाचा कागद दुसराच आहे. जॉन गुंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी तोवरचं सगळं लिखाण एकत्र वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बॉर्डरलाइन रुग्णांची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ती चार गोष्टींवर अवलंबून आहेत: वर्णन कोण करतंय, कुठल्या परिस्थितीत, रुग्ण कसे निवडले, आणि माहिती कुठल्या प्रकारची गोळा केली.

अहो, हा तर आपल्या साधनचिकित्सेचा पहिला धडा! तो मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आला होता. तुमचा विषय शेतीचा इतिहास असो की नाट्यसंगीत, हे चार मुद्दे भिंतीवर चिकटवा.

तिसरा थांबा: १९८०, आणि एका शब्दाची गच्छंती

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची डीएसएम ही निदान-पुस्तिका. तिची तिसरी आवृत्ती रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. त्यासाठी अमेरिकेतल्या हजारो मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली गेली: तुमच्या मते बॉर्डरलाइन असलेल्या एका रुग्णाबद्दल भरा, आणि तसा नसलेल्या एकाबद्दलही. उत्तरं डॉक्टरांची. रुग्ण खोलीतच नाही.

१९८० मध्ये पुस्तिका आली. आठ निकष, त्यांपैकी पाच जुळले की निदान. त्या आठांत एक होता सततचा रिकामपणा किंवा कंटाळा. बघा, ‘किंवा कंटाळा’. १९८७ च्या सुधारित आवृत्तीतही तो टिकला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत निकष नऊ झाले आणि कंटाळा गळाला. उरला तो नुसता रिकामपणा.

माझ्या फॉर्मातला प्रश्न या वळणावरून आला असणार, हे तेव्हा लक्षात आलं. आणि मी ‘नाही’ का लिहिलं तेही. आपल्याकडे ‘करमत नाही’ म्हणतो तेव्हा त्यात कंटाळा असतो, माणसांची उणीव असते, जिवाची तगमग असते, आणि पोकळीही असते. सासरी नवी आलेली मुलगी म्हणते ‘करमत नाही’, बायको गेलेले आजोबा म्हणतात ‘करमत नाही’, होस्टेलवरचा पोरगाही तेच म्हणतो. ‘शून्यता’ म्हटलं तर आपल्या कानाला त्यात वेगळाच तात्त्विक सूर लागतो. ‘रिकामा’ म्हटलं तर आई ओरडते, ‘रिकामा बसलायस का?’ इंग्रजीत दोन शब्द वेगळे काढता आले म्हणून एक ठेवला आणि एक काढला. ‘करमत नाही’चे असे दोन तुकडे कसे करणार?

सावध राहा मात्र. यावरून ‘हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे नसतोच’ असं म्हणणं सोपं आहे आणि घातक आहे. शब्द वेगळा असला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. उलटही लक्षात घ्या: प्रत्येक ‘करमत नाही’ म्हणजे हे निदान नव्हे. आणि जुन्या पत्रांतल्या एखाद्या अस्वस्थ बाईला आज बसल्या जागी बॉर्डरलाइन ठरवणं हा तर इतिहासाचा गुन्हाच.

चौथा थांबा: रुग्ण बोलते

या सगळ्या कागदांत उपचार मागायला आलेलं माणूस स्वतः कुठे बोलतं? बराच काळ जवळजवळ कुठेच नाही. म्हणून मला मार्शा लिनेहान महत्त्वाच्या वाटतात. त्यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी विकसित केली. १९९१ मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली. या उपचारातल्या स्त्रियांनी स्वतःला इजा करण्याचे प्रसंग घटले, त्या उपचारात टिकून राहिल्या. नैराश्य आणि हताशपणा यांत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. हा दुसरा भाग लोक सांगायला विसरतात. तुम्ही विसरू नका.

२०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की १९६१ साली सतराव्या वर्षी त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, दोन वर्षांहून अधिक काळ. तेव्हा त्यांच्या कागदावर निदान होतं स्किझोफ्रेनिया. हे त्यांनी सांगितलंही त्याच रुग्णालयात, श्रोत्यांसमोर. ज्या संस्थेने त्यांची केस लिहिली, तिथेच त्यांनी आपली गोष्ट स्वतः सांगितली. अभिलेखागारात अशी दुसरी बाजू फार क्वचित मिळते.

शेवटची एक नोंद. मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांच्या गटाने रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांच्या खाली गेली. ‘ही माणसं सुधारतच नाहीत’ हा जुना समज त्यातून खोटा ठरला. पण नोकरी, नाती यांसकट पूर्ण सावरलेले साधारण निम्मेच. आणि त्यांनीच दाखवलं, की स्वतःला इजा करण्यासारखी तीव्र लक्षणं लवकर ओसरतात, आतला रिकामपणा मात्र सावकाश. जे स्टर्नच्या यादीत नव्हतं, तेच चिवट निघालं.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातला एक फॉर्म, रजिस्टर किंवा प्रश्नावली घ्या. कुणी भरली, कुणाबद्दल, कुणाच्या शब्दांत, आणि मागच्या आवृत्तीतून काय गळालं, एवढंच एका पानावर लिहा. तुमचं पहिलं प्रकरण तिथेच सापडेल.

आणि हे वाचताना ‘अरे, हे तर माझंच’ असं वाटलं असेल, तर लेखावर निदान करू नका, माणसाकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोन फुकट लागतो. योग्य शब्द सापडेपर्यंत थांबायची गरज नाही. रविवारची दुपार कशी जाते, तिथून सुरुवात केली तरी चालतं.