फुगीर सायलेन्सरची वंशावळ

रेसच्या टू-स्ट्रोक गाडीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो सायलेन्सर. ब्लॉकजवळ बारीक, मग हळूहळू रुंदावणारा, मध्ये चांगला फुगलेला, पुढे झपकन निमुळता होणारा आणि शेवटी जेमतेम बोटभर जाडीची नळी. जाणकार त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. त्यात हलणारा एकही भाग नाही. तरीही छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद याच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच भागाने वाढवली नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्याने त्याला खरं रूप दिलं त्याचं नाव आपल्याकडे यामाहाच्या आरएक्सवर जीव टाकणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

टू-स्ट्रोकचं दुखणं जन्मापासूनचं आहे. जळालेला धूर बाहेर जातो आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं, ते जवळजवळ एकाच वेळी. दोन्ही पोर्ट, म्हणजे सिलिंडरची आत-बाहेरची तोंडं, उघडे असल्याने आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. १९२०च्या दशकात आडोल्फ श्नुर्ले या जर्मन अभियंत्याने मिश्रण आत आणणाऱ्या ट्रान्सफर पोर्टना असा तिरका कोन दिला, की मिश्रण आधी मागच्या भिंतीकडे जाऊन वर वळतं. गळती कमी झाली, थांबली मात्र नाही.

ही पद्धत मोटरसायकलमध्ये रुजवली ती सॅक्सनीतल्या चोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने. त्यांची १९३९ची आरटी १२५ ही साधी, काटक गाडी. महायुद्धात जर्मनी हरली आणि तिचा आराखडा जगभर गेला. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेतली हार्लेची छोटी १२५ आणि १९५५ साली आलेली यामाहाची पहिलीवहिली मोटरसायकल वायए-१, या तिन्ही तिच्याच लेकी. यामाहाचं घराणं थेट चोपाऊला पोचतं ते असं.

युद्धाआधी डीकेडब्ल्यूच्या रेसगाड्या मिश्रण दाबाने आत कोंबणाऱ्या सुपरचार्जरच्या जोरावर पळत. युद्धानंतर रेसिंगमध्ये त्याला बंदी आली, तेव्हा टू-स्ट्रोक संपलाच असं बऱ्याच जणांना वाटलं. चोपाऊ आता पूर्व जर्मनीत होतं. कारखाना सरकारी झाला होता आणि पुढे त्याचं नाव एमझेड पडलं. १९५३ साली तिथल्या रेसिंग विभागाची सूत्रं वाल्टर काडन याच्या हाती आली. पैसा तुटपुंजा, सामग्री जेमतेम. डानिएल त्सिमरमान याने इंजिनाला फिरती चकती बसवली होती, तिच्यामुळे मिश्रण आत घेण्याची वेळ हवी तशी ठेवता येत होती. उरला होता धूर बाहेर जाण्याचा प्रश्न. फुगीर पाइप एरिक वोल्फने पश्चिम जर्मनीत नव्याने उभ्या राहिलेल्या डीकेडब्ल्यूच्या गाडीवर आधीच लावला होता, हे सांगायलाच हवं. पण पाइपात नेमकं काय घडतं ते ऑसिलोस्कोपवर दाबाच्या लाटा बघून काडनने उलगडलं. माझ्या लेखी खरा शोध हाच.

एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपात सुटते. पाइप रुंदावू लागतो तिथून ती उलटी होऊन, म्हणजे ओढ घेऊन परतते आणि ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये खेचते. उरलेली लाट पुढे निमुळत्या भागावर आदळते आणि घाटात हाक परत यावी तशी दाबासकट माघारी येते. पोर्ट बंद होण्याच्या ऐन क्षणी ती पोचली, तर पाइपात निसटलेलं मिश्रण पुन्हा आत कोंबलं जातं. सुपरचार्जरचं काम नुसता पत्रा करतो.

आता हिशेब बघा. मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ६ मिलिसेकंद. पोर्ट अर्धा फेरा उघडा धरला तर हाती येतात ३ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात दीड मीटर. जाऊन-येऊन दीड, म्हणून लाट परतवणारी भिंत पोर्टपासून सुमारे पाऊण मीटरवर हवी. फेरे ५,००० वर आले तर हीच लाट फार लवकर परतते आणि गाडी घुसमटते. ठरावीक फेऱ्यांना गाडी एकदम अंगात आल्यासारखी सुटते, त्याचं कारण हे. शेवटची नळीही हिशेबातली: फार रुंद केली तर दाब टिकत नाही, फार बारीक केली तर उष्णता कोंडून पिस्टन वितळतं.

१९६१ साली काडनच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे २००. सुपरचार्जरशिवाय तोवर कुणालाही ते जमलं नव्हतं. त्याच वर्षी रेसर एर्न्स्ट डेग्नर एमझेडवर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. बर्लिनची भिंत ऑगस्टमध्ये उभी राहिली होती. सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीत त्याचं इंजिन गेलं आणि तो तिथूनच पश्चिमेला पळाला. बायको-मुलं त्याच सुमारास गुपचूप सीमेपार पोचली. डेग्नरबरोबर काडनची विद्याही सुझुकीकडे गेली, आणि १९६२ साली त्याने सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. एमझेडला विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही.

पुढे ही विद्या सगळ्यांचीच झाली. गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकी पत्रकाराने १९७३च्या आपल्या पुस्तकात पाइपाची सूत्रं घरच्या मेकॅनिकला कळतील अशी मांडली, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात गॉर्डन ब्लेअर यांनी लाटांचं गणित संगणकावर आणलं. भारतात १९८५ साली आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर; एवढ्याशा इंजिनात इतका दम इथल्या रस्त्यांनी क्वचितच पाहिला होता. तिचं उत्पादन १९९६ साली थांबलं, तरी पोर्ट घासून देणारे आणि पत्र्याचे शंकू वळवून गॅस वेल्डिंगने जोडणारे कारागीर अजून आहेत. त्यांतल्या चांगल्या हातांबद्दल मला अतोनात आदर आहे. पोर्टची वरची कड अर्धा मिलिमीटर उचलली तरी पाइपाची लांबी पुन्हा मोजायची, हे त्यांना सांगावं लागत नाही.

पण आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं समजून कंपनीचा सायलेन्सर कापणारेही कमी नाहीत. लाट परतवणारी भिंतच गेली तर मिश्रण बाहेर वाहून जातं, गाडी पेट्रोल पिते, वेग घटतो आणि गल्लीला ताप होतो तो वेगळाच. तुमच्याकडे जुनी टू-स्ट्रोक असेल तर मूळ सायलेन्सर कापू नका. आतला कार्बन साफ करून घ्या, तेवढ्यानेही गेलेला दम बराच परत येतो. आणि नवा पाइप करायचाच असेल, तर जो कारागीर आधी पोर्ट मोजतो आणि मगच पत्र्याला कात्री लावतो, त्याच्याकडेच जा.