चुनखडीच्या रानात भाजीपाला

सुपे-मोरगावकडे कुदळ वीतभर आत गेली की मुरूम लागतो. माळेगाव-सांगवीला कालव्याखालच्या काळ्या रानात तीच कुदळ चिकटून बसते. इंदापुरात नीरा-भीमेच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही तऱ्हा सापडतात, शिवाय मधूनच चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेले रान. भाजीपाल्याच्या खताचा अभ्यास करू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

सेंद्रिय-खनिज खत म्हणजे शेणखत, गांडूळखत किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्ये खनिज खत मुरवून केलेले खत. सेंद्रिय की रासायनिक, या वादात आपल्याकडे बराच वेळ गेला. माझ्या मते इथल्या रानाने तो केव्हाच निकालात काढला आहे. या जमिनींत चुनखडी भरपूर, सामू बहुधा आठच्या पुढे. सिंगल सुपर फॉस्फेट नुसते फेकले, तर त्यातले १६ टक्के स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि पिकाला त्यातले थोडेच मिळते. लोहाचेही तेच. भेंडीची कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले की जमिनीत लोह नाही असे वाटते. ते असते, पण मुळांना घेता येत नाही.

म्हणून मुरवण. एक किलो हिराकस (फेरस सल्फेट), दहा किलो चांगले कुजलेले शेणखत, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतकाच ओलावा, वर ओले गोणपाट आणि सावलीत आठ-दहा दिवस. शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते चुन्याच्या तावडीत लवकर सापडत नाही. झिंक सल्फेटही असेच मुरवावे. हे मिश्रण रानभर न उधळता सरीत, मुळांजवळ द्यावे.

चोपणाचे प्रकरण वेगळे आणि जुने. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५च्या सुमारास आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवरचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. म्हणजे बागायतीची पहिली पिढी संपायच्या आतच रान बिघडू लागले होते. जिथे चुनखडी आधीच आहे तिथे जिप्समपेक्षा शेणखतातून दिलेले गंधक मला अधिक पटते. जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्लाने चुना विरघळतो आणि सुटलेले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. ते सोडियम वाहून न्यायला निचऱ्याचे चर मात्र हवेतच.

माळेगाव खुर्दला मुरमाड माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्रही जवळच आहे. नव्या अभ्यासकाने या दोन्ही ठिकाणी जरूर जावे, पण आधी दोन शेजारच्या रानांतली माती तपासून घ्यावी. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी समजतात. मुरमाड रानातले नत्र पाण्याबरोबर खाली निसटते, म्हणून तिथे हप्ते लहान आणि जास्त हवेत. काळ्या रानात दोन हप्त्यांत किती अंतर ठेवायचे, इथपासून पुढचे प्रकरण सुरू होते.