अब्बांची जीप नेमकी कोणत्या सालची?

आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये विटांच्या चार थप्प्यांवर एक जीप टेकवलेली आहे. चाकं वेगळी पडलेली, बॉनेट भिंतीला उभं, जुन्या पेट्रोल टाकीच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात. मीटरची तबकडी अम्मींच्या कपाटात, बांगड्यांच्या डब्याशेजारी. मरहूम अब्बांनी 2012 मध्ये ती ‘फुल कामाला’ खोलली होती. ज्या गॅरेजात दिली त्याने आधी ‘दिवाळीपर्यंत देतो’ म्हटलं, मग ‘ईदपर्यंत’, मग फोन उचलणं बंद केलं. 2014 मध्ये आम्हीच सुटे भाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मोर्शीला घरी आणले. पुढच्या वर्षी अब्बा गेले. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेडचं दार उघडतो, झाडलोट करतो आणि दार लावून घेतो.

यंदा पुण्याहून पुतण्या आला. नोकरीला लागलाय, खिशात पैसा आहे. म्हणाला, “चाचू, किती वर्षं पाहत बसणार? आपण हिची हॉट रॉड करून टाकू. मोठं इंजिन, रुंद टायर, छप्पर काढून टाकायचं.” माझे थोरले बंधू अचलपूरला असतात. ते म्हणाले, “हात लावाल तर खबरदार. गाडी 1964 ची आहे, पेट्रोल इंजिनाची. जशी कंपनीतून आली तशीच उभी राहील.” मिस्त्री आले, त्यांनी दोन्ही इंजिनं पाहिली आणि वऱ्हाडी हिशोब सांगितला, “गुरुजी, पेट्रोलवर चालवली तं वावर विकाव लागन.”

दोन्ही इंजिनं म्हणजे काय, ते पुढे येईलच. मी शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, पाना-पकडीतलं मला फार कळत नाही. पण या भांडणात एक शब्द सारखा येत होता, ‘ओरिजिनल’. तो शब्द तपासावा म्हणून मी या जीपचा इतिहास वाचायला घेतला.

आधी पुतण्याच्या हॉट रॉडचं पाहू. वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, आपल्या संत्र्यांमुळे, आणि मोर्शी त्याच पट्ट्यात येतं. हॉट रॉडही खऱ्या कॅलिफोर्नियातलीच निघाली, तेव्हा मला हसू आलं. 1930 च्या मंदीच्या दशकात तिथली पोरं फोर्डच्या जुन्या, स्वस्तातल्या ‘मॉडेल टी’ आणि ‘मॉडेल ए’ गाड्या घेत. मडगार्ड काढ, बॉनेट काढ, वजन कमी कर, इंजिनाला जोर दे, आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यत लाव. हेन्री फोर्डने 1932 मध्ये आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन सामान्य माणसाच्या किमतीच्या गाडीत आणलं, तेव्हापासून हा नाद फारच फोफावला. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हातात थोडा पैसा आणि यंत्राची सवय दोन्ही होतं. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच सुरू झालं. म्हणजे मुळात ही गरिबाघरच्या पोरांची करामत होती, भंगारातून वेग काढण्याची. आज पुतण्या इंटरनेटवर ज्या हॉट रॉड पाहतो त्यांच्या नुसत्या रंगालाच आमच्या जीपपेक्षा जास्त पैसे लागतात, ही गोष्ट वेगळी.

आता जीप. तिचा जन्म युद्धातला. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बॅन्टम या लहानशा कंपनीने बनवला, पण प्रचंड संख्येने गाड्या काढल्या विलीज आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत 6 लाखांहून जास्त. युद्धानंतर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘सीजे’, म्हणजे सिव्हिलियन जीप.

भारतात ती आली मुंबईमार्गे. 1945 मध्ये जगदीशचंद्र महिंद्रा, कैलासचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. नाव, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. या नावाचा मेसेज आपल्या व्हॉट्सअॅप गटांत वर्षातून दोनदा तरी फिरतो. कधी अभिमानाने, कधी ‘बघा, आपलं नाव कसं पुसलं’ अशा सुरात. म्हणून थोडं थांबून सांगतो.

गुलाम मोहम्मद अलिगढला शिकलेले. हिशोबातले हुशार अधिकारी. काही काळ ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री होते. तेव्हा वऱ्हाडावर कारभार इंग्रजांचा होता, पण कागदावर सार्वभौमत्व निजामाचं. निजामाच्या किताबातही ‘हैदराबाद आणि बेरार’ असंच लिहिलेलं असायचं. म्हणजे कागदोपत्री का होईना, आमच्या मोर्शीचेही ते कधीकाळी अर्थमंत्री! 1947 मध्ये फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ छापलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून दुसरं नावही ‘एम’नेच ठेवलं, असं सांगतात. स्टेशनरीचं खरं-खोटं काहीही असो, नाव कोणी पुसलं नाही. भागीदार गेला, भागीदाराचं नाव गेलं. पुढे 1951 मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले आणि 1954 मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभाच बरखास्त केली. तिथल्या लोकशाहीची पहिली मोठी मोडतोड ती. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल हळहळ वाटत नाही. आपल्या लोकांची या गाडीतली खरी भागीदारी शोधायची तर नावाच्या पाटीवर शोधू नये. ती स्टिअरिंगवर आणि गाडीखाली सापडेल. अमरावती-मोर्शी-वरूड रस्त्यावरच्या काळी-पिवळीचे ड्रायव्हर, टिनकाम करणारे, रेडिएटर झाळणारे, सीट शिवणारे, यांत किती आपले होते ते माझ्या वयाच्या कोणालाही विचारा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच कंपनीने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे जोडायचे. मग हळूहळू भागही इथेच बनू लागले. विलीजने 1953 मध्ये ‘सीजे-3बी’ काढली, तीच आमच्या शेडमधली. तिचं ‘हरिकेन’ इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, कारण हवा आत घेणारे व्हॉल्व्ह आता वर हेडमध्ये गेले होते. ते मावावं म्हणून बॉनेटच उंच केलं. त्या उंच बॉनेटमुळे ही जीप लांबूनही ओळखू येते. आता मजा पाहा. अमेरिकेत ही गाडी 1968 मध्ये बंद झाली. भारतात तिचा वंश त्यानंतरही कित्येक दशकं चालत राहिला, इंजिनं बदलली, लांबी बदलली, नावं बदलली. आणि 2018 मध्ये महिंद्राने ‘रॉक्सर’ नावाची तशीच जीप अमेरिकेत विकायला नेली, तेव्हा जीप या नावाच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तक्रार केली की ही आमची नक्कल आहे. 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तक्रार मान्य केली, महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला, मग कुठे वाट मोकळी झाली. ज्यांनी बाप सांभाळला त्यांच्याच लेकराला ‘हा तुमचा नाही’ म्हणाले!

हे मी बंधूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अमेरिकेचं अमेरिका पाहील. आपली गाडी 1964 ची.”

मग आमची गाडी. ती मुळात इथल्या एका संत्रा व्यापाऱ्याची. अब्बा त्यांच्याकडे ड्रायव्हर. आंबिया बहाराच्या तोडणीत चिखलातून बागेत शिरायचं तर जीपशिवाय इलाज नसे. स्टिअरिंग डावीकडे, मागे लाल रंगात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ लिहिलेलं. 1978 मध्ये व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि ही अब्बांना हप्त्याने दिली. पण हरिकेन इंजिन लिटरला 7-8 किलोमीटर चालायचं. 1973 मध्ये अरब देश आणि इस्रायलची लढाई झाली, तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला, त्याची झळ दहा वर्षांनंतरही आमच्या चुलीपर्यंत येत होती. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या जवळपास निम्म्या किमतीला मिळायचं. देशभरच्या जीपवाल्यांनी एकच केलं, पेट्रोल इंजिन उतरवलं, डिझेल चढवलं. कोणी मॅटाडोरचं, कोणी ट्रॅक्टरचं. महिंद्रानेही हेच ओळखलं होतं. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी 1979 मध्ये करार करून 1981 मध्ये इगतपुरीला डिझेल इंजिनाचा कारखाना काढला.

अब्बांनी 1986 मध्ये एका अपघातातल्या जीपचं प्यूजो इंजिन घेतलं आणि आमच्या गाडीत बसवलं. मी तेव्हा पहिलीत होतो. त्या दिवशीचा आवाज आठवतो, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेला होता. अब्बांचं एक वैशिष्ट्य असं की ते आरटीओत गेले आणि आरसी बुकात ‘डिझेल’ नोंदवून आले. चार चकरा मारल्या. हसणारे हसले. जुनं हरिकेन इंजिन त्यांनी विकलं मात्र नाही. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. ती ही दोन इंजिनं.

पुतण्याच्या हॉट रॉडचा निकाल कायद्यानेच लावला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने ती उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून वेगळी होईल. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे अगदी ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हरियाणातल्या डबवाली मंडीत जीप जोडून-सजवून विकणारी अख्खी बाजारपेठ उभी होती, ती याच कलमाने अडचणीत आली. पुतण्या म्हणाला, “पण सगळे करतात की.” मी त्याला आजोबांच्या चार चकरा सांगितल्या. तो गप्प बसला, पटलं असं नाही.

बंधूंची बाजू त्याहून भारी होती, हे कबूल केलं पाहिजे. जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. अट एकच मोठी, गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. हरिकेन परत बसवलं तर आमची जीप तिथे उभी राहू शकते. पण त्याच नियमात लिहिलंय, अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरायला जाणं, बस. म्हणजे बागेत जाणार नाही, बाजारात जाणार नाही, अम्मींना दवाखान्यात नेणार नाही.

तिसरा मार्ग उरतो साध्या नूतनीकरणाचा. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची. दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे नाही. खर्च मात्र आहे. 2022 मध्ये 600 रुपयांचं शुल्क 5,000 झालं, 20 वर्षांहून जुन्या मोटारीला 2025 मध्ये 10,000, शिवाय उशिराचे महिन्याला 500. आमच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे, तेव्हा आकडा काय होईल हे मी अजून घरात बोललेलो नाही.

तरी मी हाच मार्ग धरलाय. 1964 ची जीप एका व्यापाऱ्याची होती. 1986 ची अब्बांची. त्यांनी हप्ते फेडले ते डिझेलवर, ताईचं लग्न केलं ते डिझेलवर, माझी बी.एड.ची फी भरली तीही डिझेलवरच. बंधू म्हणतात की हा भावनेचा हिशोब झाला. असेल. पण कारखान्याची तारीख आणि घराची तारीख यांतली एक निवडायची असेल तर घराची निवडायला मला इतिहासाने आडकाठी केली नाही. पुतण्याने शेवटचा टोला हाणलाच, “इतकं ओरिजिनलचं खूळ आहे तर बॉनेटवर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ रंगवू का?” मी म्हटलं, रंगवू नको. आपल्या जीपवर ते नाव कधीच नव्हतं, ती जन्मली तेव्हा मोहम्मद साहेबांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

हरिकेनचं काय करायचं ते ठरलेलं नाही. मिस्त्री म्हणतात, व्हिंटेजवाले चांगले पैसे देतील. मी गोणपाट बदललं आणि ते परत कोपऱ्यात ठेवलं.

गेल्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर काम सुरू केलं. तपासणीसाठी चेसिस नंबरचा छापा लागतो. पुतण्याने फ्रेमवरचा गंज घासला, कागद ठेवला आणि वरून पेन्सिल फिरवली. सगळे आकडे उमटले, शेवटून दुसरा सोडून. तो 3 आहे की 8 ते कळत नाही. आरसी बुकात पाहावं लागेल, आणि आरसी बुक अचलपूरला बंधूंच्या लोखंडी पेटीत आहे. रविवारी जाणार आहे. जाताना नागपुरी संत्री न्यावीत म्हटलं तर हा हंगामही नाही.