आधी सोबती, मग वाट : जबल मूसाच्या चढणीचा इतिहास

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, सुएझचे आखात आणि अकाबाचे आखात यांच्या बेचक्यात, तांबड्या कातळाच्या डोंगरांची जी दाटी आहे, तिच्यात २,२८५ मीटर उंचीचे एक शिखर आहे. अरबीत त्याला जबल मूसा, म्हणजे मूसाचा डोंगर, असे म्हणतात. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम या तिन्ही परंपरांना पूज्य असलेल्या मूसाला, म्हणजेच मोशेला, ईश्वराकडून दहा आज्ञा मिळाल्या त्या याच ठिकाणी, अशी श्रद्धा येथे निदान सोळाशे वर्षे नांदत आली आहे. मराठी बायबलात हा पर्वत 'सीनाय' या नावाने येतो आणि कोकणात शतकानुशतके राहून मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएल समाजालाही तो धर्मग्रंथातून परिचित आहे. उंचीच्या बाबतीत मात्र तो या भागातही पहिला नाही, कारण शेजारचे जबल कॅथरीन २,६०० मीटरच्याही वर जाते. त्यामुळे या डोंगराची थोरवी उंचीत नसून तो चढणाऱ्यांच्या अखंड रांगेत आहे, आणि त्या रांगेचा इतिहास तपासला असता ठळकपणे दिसते ते असे की या वाळवंटातील शिखरावर सहसा कोणी एकटे गेलेले नाही.

याचे कारण भूगोलात आहे. पाऊस नाममात्र, वाटा म्हणजे बहुतेक ठिकाणी 'वादी', म्हणजे क्वचित पुराच्या वेळी वाहणाऱ्या आणि एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांची पात्रे, आणि पाणी कोठे आहे हे ठाऊक असणारी माणसे केवळ तेथील बदावी, म्हणजे वाळवंटातील भटक्या टोळ्यांची. येथील ग्रॅनाइटमधून जागोजागी काळपट खडकाच्या उभ्या भिंती आरपार गेलेल्या असतात. मूळ खडकाच्या भेगांत तप्त शिलारस शिरून थिजल्याने त्या तयार झाल्या असून, जेथे अशी भिंत वादीला आडवी जाते तेथे वाळूखालून झिरपणारे पाणी अडते, आणि विहीर खणायची ती नेमकी तिच्या वरच्या अंगाला. ही खूण ओळखता येणाऱ्या माणसावाचून परक्याचे पाऊल पुढे पडणे कठीण होते.

दुसरे कारण रिवाजाचे होते. एका टोळीच्या मुलखातून जाणाऱ्या परक्याने त्या टोळीतला एक माणूस बरोबर घ्यावा, अशी बदावी समाजाची रीत होती आणि अशा माणसाला 'रफीक' म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द उर्दूतून 'मित्र' या अर्थाने माहीत असतो, पण वाळवंटात त्याला जवळजवळ कायद्याचे वजन होते, कारण रफीक सोबत असेपर्यंत प्रवासी त्याच्या टोळीच्या आश्रयाखाली असे आणि त्याला इजा झाल्यास ती सोबत्याच्या अब्रूवर आलेली मानली जाई. आधी सोबती पाहावा, मग वाट धरावी, अशा अर्थाची एक जुनी अरबी म्हण आहे. सिनाईत ती उपदेशापुरती नव्हती, प्रवासाची पहिली अट होती.

या चढणीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन एका स्त्रीने लिहिलेले आहे. एगेरिया या नावाने ओळखली जाणारी ही ख्रिस्ती यात्रेकरू युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून इ.स. ३८१ ते ३८४ या काळात पूर्वेकडील पवित्र स्थळे पाहत फिरली आणि मागे राहिलेल्या भगिनींसाठी तिने साध्या, बोलीच्या जवळ जाणाऱ्या लॅटिनमध्ये आपला प्रवास लिहून काढला. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत, तीही अपुरी, १८८४ मध्ये इटलीतील आरेत्सो येथे सापडली. शनिवारी संध्याकाळी एगेरिया डोंगराशी पोहोचली, तेथील संन्याशांच्या कुट्यांत रात्र काढली आणि रविवारी पहाटे त्यांच्या सोबतीने चढू लागली. हे डोंगर वळसे घेत चढता येत नाहीत, भिंत चढावी तसे सरळ वर जावे लागते आणि बसून जाण्याची सोय नसल्याने पायीच चालावे लागते, हे तिने स्पष्ट नोंदवले आहे. दिवसाच्या चौथ्या तासाला, म्हणजे आजच्या हिशेबाने सकाळी दहाच्या सुमारास, ती माथ्यावर पोहोचली. तेथे एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. चौथ्या शतकातच ज्युलियन साबा नावाच्या सीरियन तपस्व्याने ते उभारले, असे परंपरा सांगते. प्रार्थना संपल्यावर तेथील पुरोहितांनी पाहुण्यांच्या हाती प्रसाद म्हणून सफरचंदे ठेवली. माथा उघडाबोडका असला तरी खाली जेथे थोडी माती आहे तेथे हे संन्यासी कष्टाने झाडे लावतात, हेही सांगायला ती विसरली नाही. खालून ज्यांच्यावर चढताना दम लागला ते डोंगर वरून टेकाडांसारखे दिसत होते, हे तिचे निरीक्षण आज चढणाऱ्यालाही पटेल. वाळवंटातल्या शिखरावर कोणीतरी जपलेले ते फळ ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणावी लागेल.

सहाव्या शतकात चित्र पालटले. बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याने डोंगराच्या पायथ्याशी तटबंदीचा मठ बांधवला, जो पुढे संत कॅथरीनचा मठ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य प्रार्थनामंदिराच्या तुळयांवर कोरलेल्या लेखांत सम्राटाचा उल्लेख हयात म्हणून आणि सम्राज्ञी थिओडोरा हिचा दिवंगत म्हणून येतो. थिओडोरा ५४८ मध्ये वारली आणि जस्टिनियन ५६५ मध्ये वारला, त्यामुळे बांधकामाचा काळ या दोन सालांमध्ये नेमका बसतो. लाकडावरच्या दोन ओळींनी इतिहासकाराचे इतके काम करावे, असे भाग्य फार थोड्या वास्तूंना लाभते.

मठाच्या रक्षणासाठी जस्टिनियनने काही कुटुंबे येथे आणून वसवली. दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू व इतिहासकार युटिखियस याने त्यात बायझंटाईन मुलखातील शंभर आणि इजिप्तमधील शंभर दासांचा, त्यांच्या बायकामुलांसह, उल्लेख केला आहे. त्यांचे वंशज कालांतराने मुस्लीम झाले, अरबी बोलू लागले आणि भोवतालच्या बदावी टोळ्यांसारखेच राहू लागले. त्यांना 'जबालिया', म्हणजे डोंगरवाले, हे नाव पडले. धर्म बदलला तरी मठाशी असलेले नाते तुटले नाही. मठाच्या बागा, बांधकाम आणि डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांची सोबत ही कामे त्यांच्याकडे राहिली, आणि उंच वाद्यांमध्ये दगडी कुंपण घालून बदाम, जर्दाळू, सफरचंद आणि ऑलिव्ह यांच्या बागा राखण्याची विद्याही त्यांनी टिकवली. एगेरियाच्या हाती पडलेल्या सफरचंदांचा वारसा अशा रीतीने मुस्लीम शेतकऱ्यांकडे आला, आणि मठाच्या तटाच्या आत फातिमी काळापासून एक मशीदही आहे.

मठाच्या मागून थेट वर जाणारी जुनी वाट पायऱ्यांची आहे. 'सिक्कत सय्यिदना मूसा', म्हणजे आमच्या स्वामी मूसाची वाट, या नावाने ती ओळखली जाते आणि माथ्यापर्यंत तिच्या सुमारे ३,७५० पायऱ्या असल्याचे सांगितले जाते. त्या एका संन्याशाने प्रायश्चित्त म्हणून रचल्या, अशी कथा असल्याने त्यांना पश्चात्तापाच्या पायऱ्या असेही म्हणतात. या पायऱ्या घडवलेल्या नाहीत. डोंगरातलेच ओबडधोबड दगड बसवलेले असल्याने एक पायरी वीतभर तर पुढची गुडघाभर उंच लागते आणि उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते. वाटेत अरुंद घळीवर एक दगडी कमान आहे. स्टीफन नावाचा संन्यासी येथे बसून यात्रेकरूंची पापकबुली ऐके आणि मगच त्यांना पुढे सोडी, असे सांगतात. ५८० मध्ये वारलेल्या या स्टीफनचा सांगाडा मठाच्या अस्थिगृहात वस्त्रे नेसवून बसवलेला आहे. पायऱ्यांची ही चढण मठाच्या विचारातही मुरलेली दिसते, कारण सातव्या शतकात येथील मठाधिपती योहान याने आध्यात्मिक उन्नतीवर जो ग्रंथ लिहिला त्याचे रूपच तीस पायऱ्यांच्या शिडीचे आहे, आणि शिडी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच योहान 'क्लिमाकस' म्हणून ओळखला जातो.

मध्ययुगात, मठाला जिचे नाव मिळाले त्या संत कॅथरीनची कीर्ती पश्चिम युरोपात पसरली आणि जेरुसलेमचे दर्शन झाल्यावर सिनाई गाठणारे यात्रेकरू वाढले. जर्मनीतील उल्म नगरातील डोमिनिकन संन्यासी फेलिक्स फाब्री १४८३ मध्ये याच वाटेने आला. त्याच प्रवासात माइन्झचा धर्माधिकारी बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख आणि चित्रकार एऱ्हार्ड रॉयविख हेही होते, आणि रॉयविखच्या लाकूडठशांसह १४८६ मध्ये छापलेले ब्रायडेनबाखचे पुस्तक छपाईच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसले. अशा प्रवासात दुभाष्याशी आगाऊ करार होई, शिधा, पाणी आणि जनावरे यांची वाटणी ठरे, आणि एकमेकांना अनोळखी असलेले सरदार, संन्यासी आणि व्यापारी आठवडे-आठवडे एकाच तंबूत काढत. त्यांपैकी कित्येकांनी मठाच्या भोजनगृहाच्या भिंतींवर आपल्या घराण्याची चिन्हे कोरून ठेवली. हौशी प्रवाशाची ही खोड जुनी आहे, आणि संशोधकाला तिच्याबद्दल रागावणे अवघड जाते.

एकोणिसाव्या शतकात यात्रेकरूंच्या जोडीला संशोधक आले. स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट १८१६ मध्ये येथे फिरला. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन १८३८ मध्ये आला आणि मोशेला आज्ञा मिळाल्या ते खरे शिखर कोणते, या प्रश्नावर त्याने रास सफसाफा या शेजारच्या शिखराच्या बाजूने मत दिले, कारण त्याच्या पायथ्याला मोठा जनसमुदाय उभा राहू शकेल असे अर-राहाचे सपाट मैदान आहे. जर्मन विद्वान लेप्सियस याने तर दूरच्या जबल सर्बालचा पक्ष घेतला. १८६८-६९ मध्ये ब्रिटिश सैनिकी अभियंत्यांनी द्वीपकल्पाच्या या भागाची रीतसर मोजणी केली. या सर्वांना कैरोहून उंटांच्या तांड्याने यावे लागे, त्यास दहा-बारा दिवस लागत आणि कोणत्या टोळीने किती उंट द्यायचे यावरून तंटे होत. मठात शिरणेही सोपे नव्हते. दरवाजा चिणून टाकलेला असल्याने पाहुण्याला तटावरच्या रहाटाने दोराला बांधून वर ओढून घेत.

या वादात कोणते शिखर खरे, याचा निकाल लागला नाही आणि उपलब्ध पुराव्यावर तो लागेल असेही दिसत नाही. अधिक खटकणारी बाब वेगळी आहे. या विद्वानांनी दगड, कोन आणि अंतरे काटेकोरपणे नोंदवली, पण त्यांना तेथवर नेणारा माणूस त्यांच्या पानांवर बहुधा 'आमचा अरब' एवढ्यावरच उरतो. ज्याच्या पाण्याच्या ज्ञानावर ती मोजणी उभी राहिली त्याचे ज्ञान 'स्थानिक माहिती' ठरले, ही इतिहासलेखनातील साधी चूक नव्हे, तो अन्याय आहे.

माथ्याकडे जाणारी दुसरी वाट याच एकोणिसाव्या शतकातली आहे. १८४८ ते १८५४ या काळात इजिप्तवर सत्ता असलेल्या अब्बास पाशाने डोंगरावर उंट जाऊ शकेल असा रुंद, वळणावळणाचा रस्ता काढला, जो आजही 'सिक्कत अल-बाशा', पाशाची वाट, म्हणून ओळखला जातो. त्याने जवळच्या दुसऱ्या एका शिखरावर महालही बांधायला घेतला होता. १८५४ मध्ये त्याच्या मृत्यूने काम थांबले आणि अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या. माथ्यावरचे सध्याचे प्रार्थनामंदिर १९३४ मधील असून ते जुन्या पडझडीतले दगड वापरून बांधलेले आहे, तर त्याच्या शेजारीच एक लहान मशीद आहे.

१९६७ च्या युद्धानंतर सिनाई इस्रायलच्या ताब्यात गेले, १९७९ च्या करारानुसार ते टप्प्याटप्प्याने इजिप्तला परत मिळाले, आणि डांबरी रस्ता झाल्यावर दहा-बारा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. आता बहुतेक पाहुणे मध्यरात्री चढू लागतात आणि थंडीने कुडकुडत माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहतात. वाटेवरच्या दगडी टपऱ्यांत जबालिया चहा देतात, घोंगड्या भाड्याने देतात. २००२ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. २०१५ मध्ये तीन बदावी टोळ्यांनी एकत्र येऊन 'सिनाई ट्रेल' ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू केली. पुढे तीत आठ टोळ्या सामील होऊन तिची लांबी ५५० किलोमीटर झाली, आणि प्रत्येक टोळीच्या हद्दीत त्याच टोळीचा वाटाड्या असावा, हा रफीकचा जुना नियम तिने नव्या काळात पुन्हा लागू केला. दरम्यान २०२१ पासून शासनाने मठाच्या परिसरात हॉटेले आणि निवासी संकुले उभारण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. पर्यटनाच्या नावाने होणाऱ्या अशा बांधकामात डोंगराची शांतता आणि जबालियांचा त्यावरील हक्क या दोन्हींना प्रथम स्थान मिळायला हवे. जबल मूसाच्या पायथ्याशी पाळीप्रमाणे बसलेल्या जबालिया वाटाड्यांपैकी एकाला सोबत घेऊनच पाहुणा आजही चढणीला लागतो.