कागदावरचा संगमरवर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेले एक-दोन धागे जोडून घेतलेत, बाकी सूर तोच ठेवलाय.

तुम्ही ते रील नक्की पाहिलं असणार. टीव्हीच्या मागची भिंत, तिच्यावर पांढरा रोल, त्यात करड्या शिरा. मागचा कागद सोलत सोलत रोल वरून खाली चिकटवायचा, एखाद्या जुन्या एटीएम कार्डाने हवेचे फुगे बाहेर काढायचे, आणि तासाभरात भाड्याच्या वन बीएचकेचा हॉल 'इटालियन मार्बल'चा होतो. खालच्या कमेंट्सही ठरलेल्या. काही जण लिंक मागतात, काही जण 'काय हा फेकपणा' म्हणून नाक मुरडतात.

मला या नाक मुरडणाऱ्यांमध्ये रस आहे. कारण ही तक्रार फार जुनी आहे, आणि जिच्याबद्दल तक्रार आहे ती गोष्ट त्याहूनही जुनी.

चला इटलीत. नेपल्सजवळचं पॉम्पेई, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर. तिथलं एक घर आज 'हाऊस ऑफ द फॉन' या नावाने ओळखलं जातं. आकार सुमारे ३,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत ३२,००० स्क्वेअर फुटांच्या आसपास. एक अख्खा ब्लॉक या एका घराने व्यापलाय. आत एका दालनाच्या जमिनीवर अलेक्झांडर आणि दारियस यांच्या लढाईचं मोझॅक होतं. दहा लाखांहून जास्त बारीक तुकडे, एकेक हाताने बसवलेला. आता ते नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, इतिहासाच्या पुस्तकात अलेक्झांडरचं जे मोठ्या डोळ्यांचं चित्र असतं ना, ते त्यातलंच.

आता याच घराच्या भिंतींकडे बघा. मोठमोठे रंगीत दगडी चिरे रचल्यासारखं दिसतं. पण ते चिरे नाहीत. तो गिलावा आहे. ओल्या गिलाव्यातच चौकोन उठवले, कडा कापल्या आणि प्रत्येक चौकोन वेगवेगळ्या संगमरवराच्या रंगात रंगवला. पिवळा, लाल, हिरवा, शिरा असलेला. जर्मन अभ्यासक ऑगस्ट माऊ यांनी १८८२ मध्ये पॉम्पेईच्या भिंतचित्रांचे चार प्रकार पाडले, त्यातला हा पहिला. काळ साधारण इ.स.पूर्व दुसरं शतक. रोमन चित्रकलेच्या इतिहासाचं पहिलं पानच मुळी नकली संगमरवराचं आहे.

दहा लाख तुकड्यांचं मोझॅक बसवणाऱ्या मालकाकडे पैसे नव्हते, असं म्हणायची सोय नाही. त्या काळात पूर्वेकडच्या ग्रीक राजांचे महाल म्हणजे श्रीमंतीचं परिमाण होतं. त्या महालांची आठवण करून देणारी भिंत हवी होती, आणि गिलाव्याचा कारागीर ती देत होता. येणाऱ्या पाहुण्याला हा गिलावा आहे हे कळत नसेल का? हमखास कळत असणार. मला वाटतं, सगळ्यांना ठाऊक असलेली ही गंमत होती, फसवणूक वगैरे काही नव्हती.

मग खरा संगमरवर भिंतीवर कधी आला? थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक, जो त्याच व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला, तो सांगतो की रोममध्ये घराच्या भिंती संगमरवराने मढवणारा पहिला माणूस म्हणजे मामुरा. हा ज्युलियस सीझरचा गॉलमधला मुख्य इंजिनियर. मोहिमेत गडगंज पैसा केला आणि रोममध्ये टेकडीवर घर बांधलं. कवी कातुलसने त्याच्यावर इतक्या शिव्याशापांच्या कविता लिहिल्या की बिचाऱ्याचं नाव आज जास्त करून त्यासाठीच लक्षात आहे. प्लिनीलाही तो आवडत नाही. त्याच्या मते असल्या माणसाने ही फॅशन आणली हेच फॅशन वाईट असल्याचा पुरावा.

पण प्लिनीच्या याच पुस्तकात एक सुंदर तांत्रिक गोष्ट आहे. संगमरवर कापतात कसा? तो म्हणतो, कापते ती वाळू. करवत फक्त तिला एका रेषेत दाबून धरते. असे पातळ तक्ते कापायचे आणि विटांच्या भिंतीवर लावायचे. तर मंडळी, 'खऱ्या' संगमरवराची भिंतसुद्धा आतून विटांचीच असते. वरून एक कातडं. मामुराच्या घरातलं कातडं दगडाचं, तुमच्या हॉलमधलं पीव्हीसीचं. फरक जाडीचा आणि बिलाचा. नाक मुरडायच्या आधी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मधली काही शतकं मी पळवतो. १३०५ च्या सुमारास जोत्तोने इटलीत पादुआच्या चॅपलमध्ये जगप्रसिद्ध भित्तिचित्रं काढली, त्यांच्या खालचा पट्टा रंगवलेल्या संगमरवराचा आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या कार्पी गावाच्या आसपास 'स्काल्योला' रुजलं. भाजलेल्या जिप्समची पूड, सरस आणि रंग एकत्र करून कणकेसारखं मळायचं, वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकमेकांत दाबायचे आणि काप काढायचे. पोळीवाल्या मावशी पाहतील तर म्हणतील, हे तर आमचंच काम! यातली शीर आरपार जाते, वरवर रंगवलेली नसते. घासून चकाकी आणायला इतकी मेहनत लागायची की काही ठिकाणी नकली दगड खऱ्याइतकाच महाग पडायचा.

आणि आपल्याकडे? संगमरवर म्हटलं की आपण मकराणा आणि ताजमहाल म्हणून मोकळे होतो. पण चुन्यातून संगमरवराची चकाकी काढण्यात आपले कारागीर उस्ताद होते. राजस्थानात त्याला आराइश म्हणतात. दक्षिणेत मद्रासचा घोटलेला चुना इतका चमकायचा की युरोपियन प्रवासी त्याची संगमरवराशी तुलना करायचे. चुना भिजवून मुरवायचा, थरावर थर द्यायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. शिवाय आपल्या शेजारच्या विजापुरात, शहाजीराजे ज्या आदिलशाहीत सरदार होते त्याच आदिलशाहीत, सतराव्या शतकात 'अबरी' कागदावर चित्रं होत होती. पाण्यावर रंग तरंगवायचे, हलवायचे, वरून कागद ठेवून उचलायचा. अब्र म्हणजे फारसीत ढग. इंग्रजांना त्याच कागदात ढगांऐवजी मार्बल दिसला. विजापूरच्या चित्रकारांनी या तंत्राने हाडं दिसणारा मरतुकडा घोडा काढलाय, त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शक्य असेल तर आत्ताच फोनवर शोधून बघा, मी थांबतो.

आलात परत? आता पॅरिस. इथे जरा बसू, कारण वॉलपेपरच्या इतिहासात माणसं मेली ती इथे.

झाँ-बातिस्त रेव्हेयाँ. जन्म १७२५. दुकानात उमेदवारी करत सुरुवात केली, पुढे इंग्लंडहून येणारे वॉलपेपर विकायला लागला, मग स्वतःच बनवायला लागला. पॅरिसच्या पूर्वेला कामगारवस्तीत 'फोली तितों' नावाची आलिशान वास्तू घेऊन तिथे कारखाना थाटला. सुमारे ३०० लोक कामाला. लाकडी ठशांनी एकेक रंग छापायचा, रेषेला रेष जुळवायची. रेशीम, मखमल, कोरीव नक्षी, जे श्रीमंताच्या भिंतीवर असतं ते कागदावर उतरवायचं, हा त्या काळच्या वॉलपेपरवाल्यांचा सगळा धंदा. रेव्हेयाँचा माल त्यात सर्वांत उंची.

हा माणूस विमानाच्या इतिहासातही आहे. १७८३ मध्ये मोंगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा याच कारखान्यात तयार झाला. त्याच्या सजावटीत सूर्य, राशी, राजचिन्हं, अगदी वॉलपेपरसारखी. १९ सप्टेंबरला व्हर्सायमध्ये राजासमोर तो उडाला, टोपलीत एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. तिघंही जिवंत उतरले. त्याच ऑक्टोबरमध्ये रेव्हेयाँच्या बागेतच माणसाला घेऊन दोरीने बांधलेला फुगा वर गेला.

सहा वर्षांनी त्याच बागेत आग लागली. १७८८ चं पीक बुडालं होतं, १७८९ च्या वसंतात पॅरिसमध्ये पावाचा भाव आभाळाला टेकला होता. मजुराच्या दिवसाच्या कमाईचा अर्ध्याहून मोठा वाटा नुसत्या पावात जात होता. २३ एप्रिलला स्थानिक सभेत रेव्हेयाँ बोलला. त्याचं म्हणणं असं, की पाव स्वस्त झाला तर मजुरीही खाली येऊ शकेल आणि मालही स्वस्त होईल. बाहेर बातमी पोचली ती एवढीच: रेव्हेयाँ म्हणतो, कामगाराला दिवसाला १५ सू पुरे आहेत.

कारखानदाराचा हिशोब कागदावर बरोबर असेलही. पण ज्याच्या घरात आज पाव नाही त्याच्यासमोर 'आधी भाव, मग मजुरी' हा क्रम मांडता येत नाही. २७ तारखेला त्याचा पुतळा जाळला. २८ ला जमाव फोली तितोंत घुसला. फर्निचर, कागदाचे गठ्ठे, सगळं आगीत. तळघरातली दारू लोक प्यायले. मग सैन्याने गोळीबार केला. मेलेल्यांच्या आकड्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, २५ पासून काहीशेपर्यंत सांगतात. गंमत बघा, दंगलीत रेव्हेयाँचे स्वतःचे कामगार फारसे नव्हते. इतरांच्या मानाने तो बरी मजुरी द्यायचा. आणि रेव्हेयाँ? मागच्या बाजूने निसटला आणि आसऱ्याला गेला बास्तीयच्या तुरुंगात. हो, तोच बास्तीय, जो अडीच महिन्यांनी, १४ जुलैला पडला. पुढे रेव्हेयाँ इंग्लंडला गेला आणि कारखाना दुसऱ्यांनी चालवला. फ्रेंच राज्यक्रांतीची पहिली मोठी ठिणगी म्हणून अनेक जण याच दंगलीकडे बोट दाखवतात.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे १७१२ पासून वॉलपेपरवर कर होता. कर भरला की कागदावर सरकारी शिक्का. आता शिक्काच बनावट मारणारे निघाले, तेव्हा १८०६ मध्ये सरकारने त्या गुन्ह्याला थेट फाशी ठेवली. कागदावर खोटा संगमरवर छापा, कोणी काही म्हणणार नाही. खोटा शिक्का मारलात तर गळ्यात दोर. हा कर १८३६ मध्ये गेला, १८३९ च्या सुमारास लँकेशायरमध्ये रोलरच्या यंत्रावर वॉलपेपर छापायला सुरुवात झाली, आणि भाव झपाट्याने उतरले. जिन्याशेजारी आणि दारातल्या बोळात संगमरवरी चिऱ्यांचा कागद लावून वर व्हार्निश मारायचं ही मध्यमवर्गीय घरांची पद्धत झाली. व्हार्निशमुळे दिव्यांची काजळी पुसता यायची. म्हणजे सोय आणि रुबाब दोन्ही.

आणि बरोबर याच वेळी नैतिकतेचे धडे सुरू झाले. जॉन रस्किन, १८४९ चं पुस्तक 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर'. एका पदार्थाला रंगवून दुसरा पदार्थ भासवणं म्हणजे वास्तुकलेतली लबाडी, असं त्यात स्पष्ट आहे. रस्किन मोठा माणूस, मान्य. पण मला एक प्रश्न पडतो. राजवाड्यांत आणि चर्चमध्ये शतकानुशतकं हेच चाललं होतं तेव्हा त्याला कारागिरी म्हणत होते. कारकुनाच्या जिन्यात तेच काही पेन्सात आलं आणि ते खोटेपणा ठरायला लागलं? रस्किनने जुन्या इमारतींनाही सोडलेलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्यानंतर त्याचे शब्द वापरणाऱ्यांनी मात्र सोयीने फक्त स्वस्त घरांवर बोट ठेवलं.

रस्किनच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात थॉमस कर्शॉ या रंगाऱ्याला पदक मिळालं. कशासाठी? लाकूड आणि संगमरवर हुबेहूब रंगवण्यासाठी. १८५५ मध्ये पॅरिसलाही त्याने पदक मारलं. बोल्टनचा साधा हातावरचा कारागीर, ब्रश आणि पिसाच्या टोकाने शिरा ओढणारा.

आता आपल्या रोलकडे. बाजारातला नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणूनच दुकानदार '५७ स्क्वेअर फूट' सांगतो. १० फूट बाय ९ फुटांच्या भिंतीला दोन रोल. त्याच भिंतीला २० मिलिमीटर जाडीचा खरा संगमरवर लावायचा तर दगडाचंच वजन साधारण साडेचारशे किलो भरेल. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला घरमालक खिळा ठोकू देत नाही, तो साडेचारशे किलो काय लावू देणार!

मला या कागदाबद्दल एकच खरी तक्रार आहे आणि ती रस्किनची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते. प्लास्टिकच्या कागदामागे ती कोंडते, आत बुरशी धरते आणि तुम्हाला कळतं ते थेट वास आल्यावर. चुन्याचा घोटलेला थर त्या मानाने श्वास घेतो. तेव्हा पोपडे धरलेली भिंत झाकायला हा रोल घेत असाल तर आधी गळती शोधा.

आणि ओळखायचं कसं, असं एकाने विचारलंय. सोपं आहे. एखादी ठळक शीर निवडा, जिथे ती फुटून दोन होते अशी, आणि नजर सरळ खाली न्या. छापलेल्या कागदात तीच फांदी तसूभरही न बदलता काही अंतरावर पुन्हा येते. पाहुणे सोफ्यावर बसले की नेमकी ती जागा त्यांच्या डोळ्यांसमोर येणार नाही असा रोल लावायला सुरुवात करा. पुढच्या भागात सनमायका. भेटू.